डिरेक्टरी पुसताना

युनिक्स आणि लिनक्सवर डिरेक्टरी ही मुळात एक फाइलच असते. तिच्यात असते ती फक्त यादी: नावे, आणि प्रत्येक नावासमोर एक क्रमांक. हा क्रमांक आयनोडचा. फाइलचा मालक कोण, आकार किती, परवानग्या कोणत्या, मजकूर डिस्कवर कोठे ठेवला आहे, ही सगळी माहिती आयनोडमध्ये असते. नाव मात्र तिथे नसते. ते डिरेक्टरीतच असते. पडद्यावरच्या पिवळ्या फोल्डरमुळे डिरेक्टरी म्हणजे कपाटाचा खण आणि फाइली त्यात ठेवलेल्या, असे चित्र मनात बसते. रोजच्या वापराला ते पुरते, पण पुसण्याची क्रिया त्यावरून कळत नाही. खण उपडा करता येतो. यादी मात्र एकेक नाव खोडतच रिकामी करावी लागते.

प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी जन्मापासून असतात. एक टिंब म्हणजे ती स्वतः, दोन टिंबे म्हणजे तिची पालक डिरेक्टरी. एका आयनोडकडे किती नावे बोट दाखवतात याचा आकडा यंत्रणा ठेवते. परंपरागत फाइल सिस्टिमवर रिकाम्या डिरेक्टरीचा हा आकडा दोन असतो: एक पालकाच्या यादीतले तिचे नाव, दुसरे तिच्या आतले टिंब. आत उपडिरेक्टरी तयार केली की तिच्या दोन टिंबांमुळे आकडा एकाने वाढतो. साध्या फाइलचे नाव खोडले आणि आकडा शून्यावर आला की जागा मोकळी होते. डिरेक्टरीचे नाव मात्र असे सहज खोडू दिले, तर तिच्या आतल्या फाइलींना जागा असेल, पण त्यांच्यापर्यंत जाणारी वाटच उरणार नाही. म्हणून डिरेक्टरी पुसण्याचा पहिला नियम ठरला: ती रिकामी असली पाहिजे.

हा नियम पाळणारी कमांड म्हणजे आरएमडिर. (कमांडची अक्षरे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीत टाइप करायची.) ती नोव्हेंबर १९७१ च्या, म्हणजे युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतही आहे. त्या काळी हे काम वाटते तितके सरळ नव्हते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत डिरेक्टरी पुसण्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, वेगळी सोयच नव्हती. आरएमडिर हा महाप्रशासकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम होता. तो आधी दोन टिंबांची नोंद खोडे, मग एका टिंबाची, मग नाव. या तीन पायऱ्यांच्या मध्येच प्रोग्रॅम थांबला तर अर्धवट मोडलेली डिरेक्टरी मागे राही, आणि पायऱ्यांच्या फटीत दुसऱ्या कोणी फाइल सरकवली तर सुरक्षेचाच प्रश्न उभा राही. १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी आवृत्तीने डिरेक्टरी तयार करणे आणि पुसणे ही दोन्ही कामे कर्नलकडे सोपवली. तेव्हापासून रिकामी डिरेक्टरी एका फटक्यात जाते किंवा अजिबात जात नाही.

आरएमडिर वापरणाऱ्याला हमखास भेटणारा संदेश म्हणजे ‘डिरेक्टरी रिकामी नाही’. यादी मागवली तर आत काहीच दिसत नाही, तरी संदेश येतोच. कारण टिंबाने सुरू होणारी नावे साध्या यादीत दाखवली जात नाहीत. मॅकवरून आलेल्या पेन ड्राइव्हवर अशी एक लपलेली फाइल जवळजवळ प्रत्येक फोल्डरात सापडते. एलएस या कमांडला -ए जोडले की ती उघडी पडते.

भरलेली डिरेक्टरी पुसायची तर आरएम -आर. कर्नलकडे मात्र भरलेले झाड एकदम पाडण्याची सर्वसाधारण सोय आजही नाही. आरएम स्वतः त्या झाडात उतरते, सर्वांत खोल पातळीवर जाते, तिथली नावे खोडते, रिकामी झालेली डिरेक्टरी पुसते आणि एकेक पातळी वर येते. दहा जीबीची एकच फाइल क्षणात नाहीशी होते, आणि दोन-दोन केबीच्या लाखो फाइली असलेली डिरेक्टरी मात्र चहा संपला तरी संपत नाही, याचे कारण हेच. वेळ लागतो तो मजकुराला नव्हे, नावांना आणि आयनोडना.

या खाली उतरण्यातही एक धोका आहे. आरएम सिम्बॉलिक लिंकच्या मागे जात नाही. दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक सापडली तर ती फक्त लिंक खोडते, पलीकडच्या डिरेक्टरीला हात लावत नाही. पण ‘ही डिरेक्टरी आहे’ अशी खात्री करणे आणि तिच्यात पाऊल टाकणे, या दोन क्रियांमध्ये सूक्ष्म वेळ जातो. तेवढ्यात कोणी डिरेक्टरी काढून त्याच नावाची लिंक ठेवली, तर जास्त अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम भलतेच झाड पाडू शकतो. आजची आरएम उघडलेल्या डिरेक्टरीचा धागा हातात धरूनच आतली नावे खोडते, त्यामुळे ती या सापळ्यातून सुटते. दुखणे मात्र जुने आणि चिवट आहे. रस्ट या सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या भाषेच्या प्रमाण लायब्ररीतही नेमकी हीच चूक निघाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दुरुस्त करावी लागली.

परवानग्यांबाबत नवख्यांचा एक गैरसमज ठरलेला असतो. फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ केली म्हणजे ती पुसली जाणार नाही, असे त्यांना वाटते. पण नाव खोडणे म्हणजे यादीत बदल करणे, आणि यादी आहे पालक डिरेक्टरीची. त्यामुळे परवानगी लागते ती पालक डिरेक्टरीत लिहिण्याची आणि तिच्यात शिरण्याची. फाइलवर काय लिहिले आहे याला कर्नलच्या लेखी किंमत नाही. आरएम अशा फाइलपाशी थांबून ‘खरंच पुसू का?’ असे विचारते ते केवळ सौजन्य म्हणून. -एफ लावला की ते सौजन्य संपते. या -एफमुळे आरएमच्या अंगी कोणतेही जादा बळ येत नाही, हेही लक्षात घ्यावे. त्याचा अर्थ इतकाच: प्रश्न विचारू नकोस, आणि फाइल मुळात नसली तरी तक्रार करू नकोस. ज्याला पुसण्याचा अधिकार नाही त्याला -एफनेही तो मिळत नाही. सर्वांना लिहिता येणाऱ्या टीएमपी डिरेक्टरीत एकमेकांच्या फाइली उडवता येऊ नयेत म्हणून तिच्यावर स्टिकी बिट नावाची खूण असते. ती असली की नाव खोडता येते ते फाइलच्या मालकाला, त्या डिरेक्टरीच्या मालकाला किंवा प्रशासकालाच.

आणखी एक चमत्कारिक परिणाम सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला येतो. डिस्क भरली म्हणून लॉगची भलीमोठी डिरेक्टरी पुसली, यादीतून ती गेलीही, पण मोकळी जागा होती तेवढीच. एखाद्या चालू प्रोग्रॅमने त्यातली फाइल उघडून ठेवलेली असते. नाव गेले तरी तो प्रोग्रॅम फाइल सोडत नाही तोवर आयनोड जिवंत राहतो. एलएसओएफ ही कमांड असा प्रोग्रॅम शोधून देते. तो पुन्हा सुरू केला की जागा मिळते.

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत आरएम सरळ वागते: हाती आलेली नावे खोडते. मोठे अपघात होतात ते ही नावे तिच्या हाती पोचण्याआधी. कमांड लाइनवर टाइप केलेली ओळ आरएमकडे जशीच्या तशी जात नाही. मध्ये शेल असते. शेल त्या ओळीचे तुकडे पाडते, तारांकनाच्या जागी जुळणारी नावे भरते, डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या चलांच्या जागी त्यांच्या किमती ठेवते, आणि तयार झालेली यादी आरएमला देते. आरएमला तारांकन दिसतही नाही.

तुकडे पडतात ते मोकळ्या जागेवर. ‘लग्नाचे फोटो’ ही डिरेक्टरी पुसायला सांगताना अवतरणचिन्हे घातली नाहीत, तर शेलच्या दृष्टीने त्या दोन डिरेक्टऱ्या झाल्या: एक ‘लग्नाचे’, दुसरी ‘फोटो’. ‘लग्नाचे’ सापडत नाही म्हणून कुरकुर होते. ‘फोटो’ नावाची डिरेक्टरी शेजारीच असली तर ती मुकाट्याने जाते. ‘जुने/*’ लिहिताना तिरप्या रेघेनंतर चुकून स्पेस पडली, तर ‘जुने’ जातेच, आणि सुटे पडलेले तारांकन सध्याच्या डिरेक्टरीतली झाडून सगळी नावे यादीत आणते.

अशी एक स्पेस २०११ मध्ये बम्बलबी नावाच्या लिनक्स सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये शिरली. एका लांबलचक पत्त्यातल्या ‘/यूएसआर’ या पहिल्या भागानंतर ती पडली होती. पुसायची होती खोलवरची एक छोटी डिरेक्टरी. प्रत्यक्षात आदेश गेला तो अख्खी यूएसआर डिरेक्टरी पुसण्याचा, जिच्यात यंत्रणेचे बहुतेक प्रोग्रॅम असतात. त्याआधी दहा वर्षे, नोव्हेंबर २००१ मध्ये, ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या मॅकवरील इन्स्टॉलरने याच जातीची चूक केली होती. जुनी आवृत्ती पुसणाऱ्या ओळीत अवतरणचिन्हे घालायची राहिली होती, आणि ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती अशा काही वापरकर्त्यांच्या डिस्का पुसल्या गेल्या. ॲपलने तातडीने २.०.१ आवृत्ती आणली.

स्पेसपेक्षाही घातक ठरते ते रिकामे चल. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या गेमसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये असा दोष उघड झाला. स्टीमची मुख्य डिरेक्टरी कोठे आहे ते स्क्रिप्ट आधी शोधून काढी, एका चलात ठेवी, आणि पुढे विशिष्ट प्रसंगी ‘त्या चलातला पत्ता, तिरपी रेघ, तारांकन’ एवढे सगळे आरएम -आरएफने पुसे. डिरेक्टरी दुसरीकडे हलवलेली असली की शोध फसे आणि चल रिकामे राही. मग उरे फक्त तिरपी रेघ आणि तारांकन, म्हणजे संगणकाच्या मुळापासूनचे सर्व काही. वापरकर्त्याला ज्या ज्या फाइली पुसण्याचा अधिकार होता त्या गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही. त्या ओळीच्या वरच प्रोग्रॅमरने ‘भीतिदायक!’ अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. धोका कळला होता. तपासणी तेवढी राहिली.

शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ‘सेट -यू’ वापरण्याचा सल्ला दिला जातो. चलाला किंमतच दिलेली नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. स्टीमच्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग झाला नसता, कारण चलाला किंमत दिलेली होती, फक्त ती रिकामी होती. महिरपी कंसात चलाच्या नावापुढे ‘:?’ ही खूण केली की किंमत नसली किंवा रिकामी असली, दोन्ही वेळा स्क्रिप्ट थांबते. पुसण्याच्या प्रत्येक ओळीत ही दोन चिन्हे असायला काहीच हरकत नाही.

मुळावरच घाव घालणारा आदेश आरएमने ऐकूच नये, असा बंदोबस्त जीएनयूच्या आवृत्तीत २००६ पासून आहे. नुसती तिरपी रेघ दिली तर ती नकार देते. पण रेघेपुढे तारांकन असले की शेल त्याचे रूपांतर मुळाखालच्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत करते, आरएमला एकटी रेघ दिसतच नाही, आणि बंदोबस्त कोरडा राहतो. २०१६ च्या सुरुवातीला यापुढची पायरी गाठली गेली. लिनक्सवर मदरबोर्डच्या फर्मवेअरमधील चलेसुद्धा फाइलींसारखी दिसतात. मुळापासून पुसण्याच्या आदेशात तीही गेली, आणि काही लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात. दोष खरा फर्मवेअर लिहिणाऱ्यांचा, पण भुर्दंड वापरणाऱ्याला. त्यानंतर कर्नलने ही चले सहज पुसता येणार नाहीत अशी तजवीज केली.

यादी अचूक असूनही जागा चुकते, तो प्रकार निराळा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची होती. आदेश चालवला गेला मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली, आदेश थांबवला, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक होते. नेहमीचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याचे सांगणारी ईमेल पोचत नव्हती. त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने दुरुस्तीचे काम इंटरनेटवर थेट दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. या विषयावर इतके मोकळेपणाने लिहिलेले क्वचितच सापडते. पिक्सारमध्ये १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली अशाच आरएमने जाऊ लागल्या तेव्हाही बॅकअप कुचकामी निघाला होता. तिथल्याच गॅलिन सुझमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर बरीच अलीकडची प्रत होती, म्हणून चित्रपट परत मिळाला.

नेमके नाव टाइप करूनही ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असे उत्तर येणे, हा देवनागरीत नावे देणाऱ्यांना येणारा खास अनुभव आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, र आणि नुक्ता जोडून, किंवा साध्या र् पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसू शकतात. लिनक्स नावाकडे अक्षरे म्हणून पाहत नाही, बाइटची माळ म्हणून पाहते, आणि बाइट तिन्हींत वेगळे. एका कीबोर्डवर तयार केलेली डिरेक्टरी दुसऱ्या कीबोर्डवरून पुसता येत नाही ती यामुळे. मॅकची आजची फाइल सिस्टिम पहिले दोन प्रकार एकच मानते, तिसरा नाही. उपाय सोपा आहे: पहिली एकदोन अक्षरे टाइप करून टॅब दाबावा, म्हणजे उरलेले नाव शेल स्वतः डिस्कवरून आणते. तेही जमले नाही तर एलएस -आय ने आयनोडचा क्रमांक काढावा आणि फाइंड या कमांडला तो द्यावा.

फाइंडलाही पुसता येते, आणि रिकाम्या डिरेक्टऱ्या हुडकून काढण्यात तिचा हात धरणारी दुसरी कमांड नाही. तिथे क्रम मात्र जिवावर बेतू शकतो. ती अटी डावीकडून उजवीकडे तपासते. ‘पुसून टाक’ हा शब्द ‘रिकामी असेल तर’ या अटीच्या आधी लिहिला गेला, तर अट तपासण्याची वेळच येत नाही.

आधी नुसती यादी पाहावी आणि मग त्याच नमुन्याने पुसावे, ही सवय बहुतेक अपघात टाळते. आरएमला -आय दिले की ती प्रत्येक नावागणिक विचारते. पाचशे फाइलींना पाचशे वेळा ‘हो’ म्हणताना पाचव्यानंतर कोणी वाचत नाही. मोठ्या लिपीतला -आय शहाणा आहे: तीनपेक्षा जास्त फाइली किंवा झाड असेल तर एकदाच विचारतो. रेड हॅटच्या घराण्यातील लिनक्सवर प्रशासकासाठी आरएमचा अर्थच ‘विचारून पुस’ असा करून ठेवलेला असतो. त्यावर विसंबणारा माणूस दुसऱ्या सर्व्हरवर बसला की फसतो. कचरापेटीत टाकणारी ट्रॅश-सीएलआयसारखी वेगळी कमांड वापरणे त्यापेक्षा बरे, कारण आरएमने पुसलेले कचरापेटीत जात नाही.

विंडोजची परंपरा वेगळी. एमएस-डॉसमध्ये डिरेक्टऱ्या आल्या त्याच १९८३ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत. आरडी ही कमांड तेव्हाची. तीही रिकामी डिरेक्टरीच पुसे. पूर्ण झाड पाडणारी डेलट्री १९९३ च्या सहाव्या आवृत्तीत आली, आणि पुढे विंडोज एनटीच्या घराण्यात ते काम आरडीच्या /एस या पर्यायाकडे गेले. /क्यू जोडला की प्रश्न विचारणेही बंद. तारांकन इथे शेल उलगडत नाही, ज्याची त्याने सोय पाहायची. आणि आरडी तारांकन स्वीकारतच नाही, त्यामुळे वर वर्णन केलेले बरेच अपघात तिच्या बाबतीत संभवत नाहीत. अडचण येते ती वेगळी. उघडी फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही, आणि टर्मिनल ज्या डिरेक्टरीत उभे आहे ती डिरेक्टरीही नाही. त्यातच पत्त्याची लांबी २६० अक्षरांवर गेली की जुन्या साधनांना तो उमगत नाही. वेब प्रोग्रॅमरांच्या नोड-मोड्यूल्स डिरेक्टऱ्या एकात एक इतक्या खोल जात, की त्या तयार होत पण पुसता येत नसत. तेव्हा लोक एक रिकामी डिरेक्टरी घेऊन रोबोकॉपीला ‘ही डिरेक्टरी हिच्यासारखी कर’ असे सांगत. २००६ साली आलेल्या पॉवरशेलमध्ये आरएम, आरडी, डेल ही सगळी रिमूव्ह-आयटेम या एकाच कमांडची टोपणनावे आहेत. मात्र युनिक्सच्या सवयीने -आरएफ दिले तर असा पर्याय नाही म्हणून ती अडते. तिचा -व्हॉटइफ हा पर्याय काही न पुसता काय काय पुसले जाईल ते सांगतो. आरएमला तो कधी मिळाला नाही, ही खरी उणीव आहे.

पुसल्यानंतर मजकुराचे काय होते, हे डिस्कच्या जातीवर अवलंबून आहे. फिरत्या डिस्कवर फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते; दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुने बाइट तिथेच असतात. म्हणून चूक कळताच त्या डिस्कवर काहीही लिहिणे थांबवायचे आणि फोटोरेकसारख्या साधनाने शोध घ्यायचा. ही साधने मजकुराच्या ठेवणीवरून फाइल ओळखतात, त्यामुळे हाती येतात ते नावगाव नसलेले फोटो आणि दस्तऐवज. कोणता कोणत्या डिरेक्टरीत होता याचा पत्ता लागत नाही. एसएसडीवर तेवढीही आशा कमी. मोकळी झालेली जागा ट्रिम आदेशाने डिस्कला कळवली जाते आणि डिस्क ती आपल्या सोयीने साफ करते. अनेक लिनक्स आवृत्त्यांत हा आदेश आठवड्यातून एकदा आपोआप जातो.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर परतीची वाट आधीच आखून ठेवता येते. स्नॅपशॉट घेतलेला असेल तर पुसलेली डिरेक्टरी त्यात जशीच्या तशी असते, आणि त्या कारणाने तिची जागाही मोकळी होत नाही. जागा हवी असेल तर स्नॅपशॉटही काढावे लागतात. बीटीआरएफएसवर एखादे झाड सबव्हॉल्यूम म्हणून तयार केलेले असले, तर ते पाडण्यासाठी आरएमसारखे नावागणिक उतरावे लागत नाही. एका आदेशाने सबव्हॉल्यूम यादीतून जाते, टर्मिनल लगेच मोकळे होते, आणि डिस्कवरची जागा सोडवण्याचे काम कर्नल मागे सावकाश करत राहते.